रानातल्या वनस्पतींसाठी जनुकीय मार्कर: आधी प्रश्न ठरवा, मग प्रायमर मागवा

रानजाई

नमस्कार मंडळी. स्थानिक झाडांच्या बिया कुठून गोळा कराव्यात यावर एका धाग्यावर चर्चा चालू होती, तिथे दोघातिघांनी "सरळ डीएनए तपासून घ्या म्हणजे कळेल" असं लिहिलं होतं. त्यावर तिथेच उत्तर टंकायला घेतलं पण ते इतकं लांबत गेलं की वेगळा धागाच काढतेय. माझं रोजचं काम हेच आहे, रानटी वनस्पतींसाठी मार्कर तयार करायचे आणि ते वापरून कुठल्या ठिकाणची झाडं एकमेकांच्या किती जवळची आहेत ते बघायचं. त्यामुळे "डीएनए तपासून घ्या" हे वाक्य ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो, कशासाठी? उत्तर आल्यावर तुम्ही नेमकं काय वेगळं करणार आहात?

आधी मार्कर म्हणजे काय ते थोडक्यात. डीएनएमधली अशी जागा जिथे एकाच जातीच्या दोन झाडांत फरक असतो, आणि तो फरक आपल्याला प्रत्येक झाडात परत परत खात्रीने वाचता येतो. बस, एवढंच. ती जागा झाडाला काही फायद्याची असलीच पाहिजे असं नाही, बहुतेक मार्करचा झाडाच्या उंचीशी, फुलाशी, दुष्काळ सोसण्याशी काही संबंध नसतो. हे मी आत्ताच सांगून ठेवते कारण पुढे सगळा घोळ इथेच होतो.

माझ्या कामात सगळ्यात जास्त वापरात असलेले मायक्रोसॅटेलाइट. डीएनएत काही ठिकाणी एक ते सहा अक्षरांचा तुकडा ओळीने परत परत येतो, म्हणजे जीए-जीए-जीए असं. कुणाकडे तो बारा वेळा असतो, कुणाकडे पंधरा वेळा. डीएनएची नक्कल होताना इथे घसरण जास्त होते त्यामुळे हा आकडा पिढ्यांमध्ये पटकन बदलतो, आणि म्हणूनच शेजारशेजारची दोन झाडं एक आहेत की वेगळी, हे दहाबारा जागा बघूनही सांगता येतं.

अडचण अशी की गहू, भात, मका यांचे मार्कर आयते मिळतात, रानातल्या झुडपाला कोण विचारतो. आर्‍याबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या छोट्या वनस्पतीचा जीनोम, म्हणजे तिचा सगळा डीएनए, २००० साली वाचून आला, त्यानंतर बऱ्याच वनस्पतींचे आले, पण बहुतेक रानटी जातींचं एक पानही कुणी वाचलेलं नाही. मग आपले मार्कर आपणच शोधायचे. पूर्वी हे फार किचकट होतं, चुंबकी मण्यांवर रिपीट (असे परत परत येणारे भाग) असलेले तुकडे पकडायचे, ते जिवाणूंमध्ये घालून वाढवायचे, मग एकेक वाचायचा, आणि एवढं करून हातात मूठभर जागा. आता एकाच झाडाचा डीएनए ढोबळमानाने सीक्वेन्स करून, म्हणजे अक्षरं वाचून, घेतला तरी हजारो रिपीट सापडतात. त्यातून पुरेसे लांब आणि दोन्ही बाजूंना प्रायमर (डीएनएचा हवा तेवढाच भाग वाढवायला चिकटवायचे छोटे तुकडे) बसवायला एकमेव अशी जागा असलेले निवडायचे, साधारण चाळीसपन्नास जोड्या बनवायच्या, वेगवेगळ्या ठिकाणच्या सातआठ झाडांवर चालवून बघायच्या. बऱ्याच गळतात. काही चालतच नाहीत, काहींत सगळ्या झाडांत एकच लांबी येते, काहींत दोनाऐवजी चारचार पट्टे, म्हणजे चार वेगळ्या लांबी. शेवटी दहापंधरा चांगल्या उरल्या तरी मी खूश असते.

पण खरा मुद्दा हा, की यातलं काहीही सुरू करायच्या आधी प्रश्न ठरलेला पाहिजे. "विविधता किती आहे ते बघूया" हा प्रश्नच नाही. "या तीन टेकड्यांवरची झाडं एकत्र मिसळून लावली तर चालतील का", "नर्सरीतली रोपं किती आयांपासून आली आहेत", "हे सगळे कोंब एकाच झाडाचे आहेत का", हे प्रश्न. मार्करचा प्रकार, सॅम्पलची संख्या, पानं कुठल्या झाडाची घ्यायची, सगळं या एका गोष्टीवरून ठरतं, आणि ते नंतर बदलता येत नाही कारण तोवर पैसे संपलेले असतात.

तुमचे अनुभव, शंका लिहा. जमेल तसं उत्तर देते.

बीजसंग्रह

छान धागा. मी स्थानिक झाडांची रोपं करतो, लॅबचा काही संबंध नाही. आमच्याकडे साधारण असं चालतं की रस्त्याजवळचं, भरपूर फळ धरणारं एक मोठं झाड सापडलं की सगळं बी तिथूनच येतं, कारण सोपं पडतं. बी उगवतं पण छान, रोपं पण तरतरीत. मग यात नक्की बिघडतं काय? आणि किती झाडांचं बी घ्यावं असा काही आकडा आहे का?

रानजाई

@बीजसंग्रह, तुमच्या प्रश्नासाठीच हा धागा काढला असं समजा. एका झाडाचं बी म्हणजे सगळी रोपं निदान आईकडून भावंडं. ती लावली, मोठी झाली, एकमेकांत परागीभवन झालं की पुढची पिढी भावाबहिणींची. रोपं तरतरीत दिसतात कारण फटका पहिल्या पिढीत दिसतच नाही.

याचं मला सगळ्यात लख्ख वाटणारं उदाहरण हवाई बेटांवरच्या मौना केआ डोंगराच्या सिल्व्हरस्वोर्डचं. चंदेरी पानांचा गड्ड्यासारखा गुच्छ, वर्षानुवर्षं तसाच वाढतो, एकदाच फुलतो आणि मरतो. बाहेरून आणलेल्या मेंढ्या-बकऱ्यांनी खाऊन तो जवळपास संपवला होता. मग रोपं करून शेकड्यांनी परत लावली, आकडा बघितला तर मोठं यश. मार्करने तपासल्यावर कळलं की ही लावलेली झाडं फक्त दोन आयांची संतती आहेत. त्यात ही जात स्वतःचा पराग स्वीकारत नाही, म्हणजे नात्यातली झाडं एकमेकांना बी धरायलाही कमी पडण्याची भीती. यावर त्या लोकांनी काय केलं तर कड्यांवर उरलेली जी मोजकी जंगली झाडं फुलली त्यांचा पराग हाताने आणून नवीन आयांचं बी तयार करायला घेतलं. मार्करमुळे काम बदललं ते असं.

आकड्याबद्दल. हे गणित कुणालाही करता येतं. समजा एखादं जनुकीय रूप त्या ठिकाणी शंभरात पाच प्रमाणात आहे. एक नमुना घेतला तर ते न सापडण्याची शक्यता ०.९५, दोन घेतले तर ०.९५ गुणिले ०.९५. असं करत एकोणसाठ वेळा गुणलं की ५ टक्क्यांच्या खाली येतं. प्रत्येक झाडात दोन प्रती असतात म्हणून एकमेकांच्या नात्यात नसलेली तीस झाडं घेतली की असं रूप पदरात पडण्याची खात्री ९५ टक्के. त्यामुळे तीस ही बरी संख्या, आणि झाडं एकमेकांपासून लांब लांबची घ्या, एका झाडाखालची दहा रोपटी म्हणजे दहा नमुने होत नाहीत. शिवाय प्रत्येक झाडाचं बी सारखंच घ्या. तीस झाडांचं गोळा करून नंतर गोणीत निम्मं एकाच झाडाचं असेल तर उपयोग नाही. तीस मिळत नसतील तर जितकी आहेत तितकी सगळी घ्या.

आणि हो, हे करायला तुम्हाला एकही मार्कर लागत नाही :) हे मुद्दाम सांगतेय.

कोडवाचक

चांगलं लिहिलंय, पण एक विचारतो, अजून मायक्रोसॅटेलाइटच का? मी डेटाच्या बाजूचा माणूस, आमच्याकडे आता जवळजवळ सगळे एसएनपीच (डीएनएतल्या एकाच अक्षराचा फरक) करतात. रॅड-सीक्वेन्सिंग २००८ ला आलं, डीडीरॅड २०१२ ला, रेस्ट्रिक्शन एन्झाइमने डीएनए कापायचा, ठरावीक लांबीचे तुकडे सीक्वेन्स करायचे, जीनोम आधी माहीत नसला तरी हजारो जागा एकदम हातात. प्रायमरची कटकट नाही, जेलवर पट्टे मोजत बसायला नको, आणि दोन लॅबचे आकडे जुळवायचा तो त्रास पण नाही. दहाबारा जागांवरून तुम्ही सबंध जीनोमबद्दल बोलता ते मला कधीच पटलेलं नाही.

रानजाई

@कोडवाचक, तुमचं म्हणणं बरंचसं मान्य आहे. लोकसंख्येची रचना, जुना इतिहास, कुठल्या ठिकाणी नैसर्गिक निवडीचा दाब दिसतोय का, असे प्रश्न असतील तर मीही एसएनपीच घेईन. दोन लॅबचे मायक्रोसॅटेलाइटचे आकडे जुळत नाहीत हेही खरं आहे, एका मशीनवर १८२ अक्षरं येणारी लांबी दुसऱ्यावर १८४ येते आणि मग सगळ्यांना ओळखीचे नमुने सोबत चालवावे लागतात.

पण संवर्धनाचं काम एकदा करून संपत नाही. नर्सरीला दर वर्षी पन्नास रोपं तपासायची असतात, पुढच्या वर्षी अजून तीस. दर वेळी लायब्ररी बनवा (सीक्वेन्सिंगसाठी डीएनएचे तुकडे तयार करा), सीक्वेन्सिंगला पाठवा, मग डेटा हाताळायला तुमच्यासारखा माणूस शोधा, हे छोट्या गटाला झेपत नाही. बारा चांगले मायक्रोसॅटेलाइट एकदा बसवले की साधी पीसीआर (डीएनएच्या ठरावीक भागाच्या भरपूर नकला करणारं यंत्र) असलेली कुठलीही लॅब ते चालवू शकते. प्रत्येक प्रायमरला महागडा रंग लावायचीही गरज नाही, पुढच्या प्रायमरला एम-१३ नावाची ठरलेली अठरा अक्षरांची शेपटी जोडायची आणि रंग लावलेला एम-१३ प्रायमर एकच घ्यायचा, तोच सगळ्या जागांना चालतो. ही युक्ती २००० साली छापून आली आणि कमी पैशात काम करणाऱ्यांची फार मोठी सोय झाली.

शिवाय रॅडमध्ये कापायच्या जागेतच बदल झाला असेल तर ती प्रत गायब होते आणि झाड उगाच एकसारख्या प्रतींचं दिसतं, हे तुम्हाला माहीत आहेच. मी हल्ली दोन्ही जोडून करते, सुरुवातीला थोड्या झाडांवर हजारो एसएनपी, त्यातून निवडक जागांचं छोटं पॅनल, आणि रोजच्या तपासणीला ते पॅनल.

कोडवाचक

पॅनलचं पटलं. फक्त ते ज्या झाडांवरून निवडलं त्यात सगळी ठिकाणं आली पाहिजेत हे ठळक करून लिहा. एकाच डोंगरावरच्या झाडांत बदलणाऱ्या जागा निवडल्या आणि मग दुसऱ्या डोंगरावर चालवल्या तर तिथली विविधता मुळात आहे त्यापेक्षा कमी दिसते, आणि लोक निष्कर्ष काढून मोकळे होतात की ती झाडं गरीब आहेत, तिथलं बी नको. असे पेपर मी वाचलेत.

रानजाई

+१००. आणि त्यातून एखादं ठिकाण यादीतून गळू शकतं, म्हणून हा नुसता तांत्रिक मुद्दा नाही.

जुनंपान

हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, बाजूने दोन शब्द. कृपा करून प्रत्येक ठिकाणच्या निदान एका झाडाचा दाबून वाळवलेला नमुना हर्बेरियममध्ये जमा करा. डीएनएच्या नळीवर नाव काहीही लिहिता येतं, दहा वर्षांनी तज्ज्ञांनी त्या एका जातीच्या दोन जाती केल्या की तुमचा नमुना त्यातल्या कुठल्या जातीचा हे वाळवलेल्या नमुन्याशिवाय कळायला मार्ग नाही. डीएनएसाठीची पानं वेगळी, ती दाबायची नाहीत, कोवळं पान छोटे तुकडे करून कागदी पाकिटात घालायचं आणि सिलिका जेलमध्ये पुरायचं, सिलिका पानाच्या वजनाच्या निदान दहापट. एका दिवसात पान कडकडीत मोडलं पाहिजे. नुसतं मऊ पडून काळं झालं तर सिलिका कमी पडली किंवा ओली होती.

जुन्या नमुन्यांबद्दल पण सांगतो, शंभर वर्षांपूर्वीच्या पानातूनही डीएनए निघतो, मात्र बारीक तुकड्यांत. तिथे लांब पीसीआर चालत नाही. आमिष लावून ठरावीक जनुकं पकडायची पद्धत चालते, फुलझाडांसाठी ३५३ जनुकांचा तयार संच २०१९ पासून उपलब्ध आहे आणि तो जवळपास कुठल्याही कुळात चालतो. फक्त पान तोडायच्या आधी परवानगी घ्या, जुनं पान एकदा दळलं की परत येत नाही.

रानजाई

@जुनंपान, फार मोलाचं लिहिलंत. चिकट, बुळबुळीत पानांच्या वनस्पतींबद्दल माझी भर, त्यात सीटॅब ही डीएनए काढायची पद्धत वापरतानाच पीव्हीपी (पानातली फिनॉल धरून ठेवणारी पूड) घाला आणि पहिल्यांदा साध्या बफरने चिकटा धुऊन काढा. डीएनए पांढरा दिसायला हवा. तपकिरी झाला तर फिनॉल चिकटलेत आणि पीसीआर रुसणार.

माळफूल

माझा प्रश्न कदाचित बाळबोध असेल. खडकाळ माळावरची एक कंदवर्गीय वनस्पती मी बरीच वर्षं बघतेय, दर वर्षी शेकड्यांनी फुलं येतात, मधमाश्या येतात, पण बी नावालासुद्धा धरत नाही. लोक म्हणतात भरपूर आहे, काळजीचं कारण नाही. हे मार्करने कळेल का?

रानजाई

@माळफूल ताई, अजिबात बाळबोध नाही, मार्करने सगळ्यात स्वच्छ उत्तर मिळतं अशा प्रश्नांपैकी हा एक आहे. तुम्हाला दिसणारी शेकडो फुलं हे शेकडो जीव आहेत की एकाच जिवाचे शेकडो कंद, हे डोळ्यांनी नाही कळत. टास्मानियातल्या लोमेशिया टास्मानिका या झुडपाची काहीशे खोडं आहेत, पण तपासणीत ती सगळी एकच जीव निघाली. तीन संच गुणसूत्रं असल्यामुळे त्याला बी धरतच नाही, ते फक्त फांद्या रुजून पसरतं, आणि तिथे सापडलेली तशीच जीवाश्म पानं निदान ४३,६०० वर्षांपूर्वीची आहेत.

दुसरी शक्यता अशी की जीव वेगवेगळे आहेत पण जोड्या जुळत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या गवताळ माळांवरच्या रुटिडोसिस नावाच्या पिवळ्या फुलाच्या वनस्पतीवर यावर खूप काम झालंय. तिच्यात पराग स्वीकारायचा की नाकारायचा हे एक जनुक ठरवतं, दोघांचं रूप सारखं असेल तर नकार. छोट्या ठिकाणी या जनुकाची रूपंच मोजकी उरलेली, त्यामुळे जोडीदार मिळायची शक्यता कमी आणि बीही कमी.

तुम्ही काय करा तर माळावर एक रेघ आखा, ठरावीक अंतरावर पानं घ्या, प्रत्येक जागेची नोंद ठेवा. गठ्ठ्यातून घेऊ नका. आठदहा मायक्रोसॅटेलाइट पुरतील. तोवर एक प्रयोग पैसे न घालता करता येईल, लांबच्या दुसऱ्या माळावरचा पराग आणून काही फुलांवर हाताने लावा, त्या फुलांना दोरा बांधा, आणि शेजारच्या फुलांना त्याच माळावरचा पराग लावा. लांबच्या परागाने बी धरलं तर अर्धं उत्तर मिळालंच. त्याआधी दोन्हीकडच्या गुणसूत्रांची संख्या सारखी आहे ना ते कुणाकडून तरी मोजून घ्या, रुटिडोसिसमध्येच दोन संचांची आणि चार संचांची अशी वेगवेगळी ठिकाणं आहेत आणि ती मिसळली की वांझ संतती होते. आणि प्रयोगातलं बी लगेच माळावर टाकू नका, वेगळं ठेवा.

माळफूल

खूप धन्यवाद! दोऱ्याचा प्रयोग पुढच्या फुलोऱ्यात नक्की करते. दुसरा माळ माहीत आहे मला.

कुंपण

सगळं वाचलं, आवडलं, तरी मनातलं बोलतो. एखादी वनस्पती चरून, आग लागून, खोदकामाने जात असताना तिचा डीएनए वाचण्यात पैसे घालवायचे हे मला पटत नाही. त्या पैशात कुंपण घाला, राखणीला माणूस ठेवा. अहवाल येईपर्यंत झाडच राहिलं नाही तर काय करायचंय विविधतेचं?

रानजाई

@कुंपण, तुमची तळमळ समजते आणि निम्म्या वेळा तुमचंच बरोबर असतं. धोका डोळ्यांसमोर आहे, झाडं एकाच ठिकाणी आहेत, तर आधी कुंपण. मार्करने बकरी थांबत नाही. एखाद्या प्रोजेक्टमध्ये उत्तर काहीही आलं तरी पुढचं काम तेच राहणार असेल तर मी स्वतः सांगते की करू नका.

पण कुंपणाच्या आत काय लावायचं हा प्रश्न येतो ना, तिथे न तपासता लावलं तर सिल्व्हरस्वोर्डसारखं होतं. आणि दोन ठिकाणांपैकी एकाच ठिकाणाला कुंपण घालण्याइतके पैसे असतील तर कुठल्या? मोठ्या ठिकाणाला, असंच कुणीही म्हणेल. पण छोट्या ठिकाणी दुसरीकडे कुठेच नसलेली रूपं असू शकतात आणि मोठं ठिकाण एकाच झाडाची पिल्लावळ असू शकतं.

उलट बाजूही सांगते. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात वोलेमाय पाइन सापडला, रानात शंभराच्या आत मोठी झाडं, आणि दोनतीन प्रकारचे मार्कर वापरूनही झाडाझाडांत फरक सापडला नाही. म्हणून कुणी ती सोडून दिली नाहीत. जागा गुप्त ठेवली, बुरशी आत जाऊ नये म्हणून बूट धुण्यापर्यंत काळजी घेतली, रोपं जगभर वाढवली. फरक नाही म्हणजे एक रोग आला तर सगळ्यांना सारखाच लागणार, हे त्या तपासणीतून कळलं आणि काळजीची दिशा तिथून ठरली. कमी विविधता दिसली की "आता काय उपयोग" असं म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

कुंपण

छोट्या ठिकाणाचा मुद्दा डोक्यात आला नव्हता. ठीक, पण मग हे अहवाल राखण करणाऱ्यांपर्यंत पोचवा, पेपर छापून ठेवू नका.

रानजाई

हो, आणि पोचवताना झाडांचे अचूक अक्षांश-रेखांश मात्र जाहीर करू नयेत. जनुकांचा डेटा खुला ठेवा, दुर्मिळ झाडाची जागा मोघम ठेवा, चोरून खणणारेही वाचतात.

पेट्रीडिश

मी विद्यार्थी आहे, सध्या पहिल्यांदाच मायक्रोसॅटेलाइट चालवतोय. माझ्या अकरापैकी दोन जागांवर जवळपास सगळी झाडं एकसारख्या दोन प्रतींची दिसतायत, बाकी नऊ जागा नीट आहेत. गाईड म्हणतात अंतःप्रजनन (नात्यातल्या झाडांचं मीलन) असेल. कसं ठरवायचं?

रानजाई

@पेट्रीडिश, अंतःप्रजनन असेल तर ते सगळ्या जागांवर थोडंथोडं दिसायला हवं, झाड काही दोनच जागांवर नात्यात लग्न करत नाही. दोनच जागा वेगळ्या वागतायत म्हणजे तिथे नल अलील (तपासणीत न दिसणारी प्रत) असायची शक्यता जास्त. प्रायमर बसायच्या जागेत बदल झालाय, त्यामुळे एक प्रत वाढतच नाही आणि तुम्हाला उरलेली एकच दिसते.

तपासायचा साधा मार्ग म्हणजे आई आणि तिचं बी. एका झाडाचं पान घ्या, त्याच झाडाचं बी रुजवून वीसेक रोपांची पानं घ्या आणि त्या दोन जागा चालवा. प्रत्येक रोपात आईची एक प्रत यायलाच हवी. आई १८०-१८० दिसते आणि रोप १९०-१९० दिसतं, तर आईकडून आलेली प्रत कुठे गेली? ती न दिसणारीच आहे, रोपाने तीच घेतली. असं एक जरी रोप सापडलं तरी पुरे, मात्र आधी तेच नमुने परत चालवून नळ्यांची अदलाबदल झालेली नाही याची खात्री करा. मग प्रायमर थोडा बाजूला सरकवून नवीन बनवा, नाहीतर ती जागा सोडा.

अजून एक, तुमच्या जागा दोन-अक्षरी रिपीटच्या आहेत का? त्यात मशीनच्या आलेखावर खऱ्या शिखराच्या (त्या प्रतीच्या लांबीच्या) अलीकडे एकेका रिपीटने लहान अशी छोटी शिखरं येतात, आणि दोन प्रतींत एकाच रिपीटचा फरक असेल तर लहान प्रत त्या छोट्या शिखरात लपून जाते, मग झाड एकाच प्रतीचं वाचलं जातं. सॉफ्टवेअरवर सोडू नका, प्रत्येक शिखर स्वतः बघा. तीन किंवा चार अक्षरी रिपीटमध्ये हा त्रास बराच कमी असतो.

पेट्रीडिश

दोन्ही जागा दोन-अक्षरीच आहेत! शिखरं आजच परत उघडून बघतो. आई-रोपांसाठी बी आहे माझ्याकडे, मागच्या हंगामातलं, पण रुजायला वेळ लागेल.

जुनंपान

रुजायची वाट कशाला बघता, बी भिजवून आतला गर्भ काढा आणि त्याचाच डीएनए काढा. फक्त टरफल नीट सोला, ते आईचं असतं, त्याचा तुकडा राहिला तर आईच्या प्रती मिसळतील.

रानजाई

अगदी, आणि दाणा मोठा असेल तर सोललेलं टरफलही फेकू नका, वेगळ्या नळीत घाला. ज्या बियांची आई माहीत नाही, जमिनीवर पडलेल्या किंवा पक्ष्यांनी आणलेल्या, त्यांची आई त्या टरफलावरून शोधता येते. पेट्रीडिश, शिखरांचं काय निघालं ते इथेच लिहा.